गादीवाफ्याची माती: चौकट भरण्याआधी काय तपासावे, काय मिसळावे

गादीवाफा म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, मग त्याला लाकडाची, विटांची वा पत्र्याची चौकट असो किंवा नसो. नव्याने बागकामाकडे वळणारे बहुतेक जण चौकटीची मापे, लाकडाचा प्रकार आणि कोपऱ्यांचे स्क्रू यांवर पुष्कळ विचार करतात आणि माती मात्र शेवटच्या दिवशी, मिळेल तिथून, पिशव्या मोजून आणतात. चौकट बिघडली तर एखादी फळी बदलून भागते, पण चुकीच्या मातीने भरलेला वाफा उपसून पुन्हा भरणे हे कंबर मोडणारे काम आहे आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

खालील सर्व पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: आधी मातीची घडण आणि मग खत. मुळांना पाणी आणि हवा एकाच वेळी मिळाली पाहिजे, आणि ही सोय मातीच्या कणांमधील लहानमोठ्या पोकळ्यांमुळे होते. खताची उणीव हंगामाच्या मध्यावरही भरून काढता येते. घट्ट बसलेली, पाणी तुंबवणारी माती मात्र पीक उभे असताना दुरुस्त करता येत नाही.

हाताशी काय असावे

फावडे, कुदळ, दाताळे, घमेले आणि शक्य असल्यास चार दातांचा बागेचा फोर्क; मिश्रण कालवण्यासाठी मोठी ताडपत्री; सुमारे १ सेंटिमीटर छिद्रांची चाळण; मोजपट्टी; झाकण घट्ट बसणारी सरळ उभ्या कडांची काचेची बरणी; नमुने गोळा करण्यासाठी स्वच्छ प्लास्टिकची बादली; हातमोजे आणि धूळ टाळण्यासाठी मास्क. कागदपत्रांपैकी दोनच गोष्टी उपयोगी पडतात: माती परीक्षणाचा अहवाल आणि विकत घेतलेल्या माती-खताची पावती, ज्यावर त्यातील घटक लिहून घेतलेले असावेत. विक्रेता घटक लिहून द्यायला तयार नसेल, तर तो माल घेऊ नये असे माझे मत आहे.

१. मापे ठरवा आणि मातीचा हिशेब करा

वाफ्यात कधीही पाय ठेवावा लागू नये, हा रुंदीचा निकष आहे, कारण एकदा तुडवलेल्या मातीतील पोकळ्या सहज परत येत नाहीत. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर रुंदी १.२ मीटरपर्यंत आणि भिंतीलगत, एकाच बाजूने काम करायचे असेल तर ६० ते ७५ सेंटिमीटरपर्यंत ठेवावी. खोली पिकावर अवलंबून असते. पालेभाज्यांना २० सेंटिमीटर पुरतात, टोमॅटो, वांगी यांसारख्या पिकांना ३० ते ४५ सेंटिमीटर लागतात. मात्र खालची जमीन मोकळी करून घेतली तर मुळे तिच्यातही उतरतात आणि चौकट तितकी उंच असण्याची गरज राहत नाही.

हिशेब सोपा आहे. २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ०.३ मीटर उंच वाफ्याचे घनफळ ०.८६४ घनमीटर, म्हणजे ८६४ लिटर होते. ताजे मिश्रण पाणी पडल्यावर खाली बसते, म्हणून १५ ते २० टक्के जास्त धरून सुमारे १,००० लिटरची तयारी ठेवावी. काही पिशव्यांवर लिटर छापलेले असतात तर काहींवर किलो, आणि दोन्हींची तुलना ओलाव्यामुळे फसवी ठरते. त्यामुळे नेहमी लिटरमध्येच विचार करावा. आपल्या घमेल्यात किती लिटर मावतात हे एकदा बादलीने पाणी ओतून मोजून ठेवले की पुढचे सगळे प्रमाण घमेल्यांत मोजता येते.

वाफा गच्चीवर किंवा स्लॅबवर करायचा असेल तर येथेच थांबून वजनाचा विचार करा. पाण्याने पूर्ण भिजलेल्या बागेच्या मातीचा ३० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो भार देऊ शकतो. संरचना अभियंत्याचा सल्ला न घेता असा भार कोणत्याही छतावर ठेवू नये.

२. जागेचा निचरा तपासा

जिथे वाफा येणार आहे तिथे ३० सेंटिमीटर खोल आणि तितकाच रुंद खड्डा खणून पाण्याने भरा आणि ते पाणी पूर्ण जिरू द्या. पहिल्या वेळचे पाणी कोरड्या मातीत वेगाने मुरते, म्हणून मोजमाप दुसऱ्यांदा भरल्यावरच करावे. पातळी तासाला साधारण २.५ ते ७.५ सेंटिमीटर उतरत असेल तर निचरा ठीक आहे. त्याहून कमी उतरत असेल तर वाफा अधिक उंच करावा किंवा जागा बदलावी. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी उभे असेल, तर वर कितीही उत्तम माती टाकली तरी तिचा खालचा भाग चिखलात बसलेला राहील.

३. जवळची माती ओळखा

विकतची माती आणण्याआधी स्वतःच्या अंगणातील माती कशी आहे ते पाहावे, कारण पुष्कळदा ती मिश्रणाचा मुख्य भाग होऊ शकते. बरणीची चाचणी यासाठी पुरेशी आहे. दगड आणि मुळ्या काढलेली, कोरडी करून फोडलेली माती बरणीत एक तृतीयांश भरावी, वर पाणी ओतावे, भांडी घासण्याच्या पावडरची चिमूट टाकावी आणि झाकण लावून पाच मिनिटे जोरात हलवावे. बरणी सपाट जागी ठेवल्यावर साधारण एका मिनिटात जो थर तळाशी बसतो तो वाळूचा. त्याची उंची काचेवर खुणेने नोंदवावी. सुमारे दोन तासांनी त्यावर बसलेला थर गाळाच्या बारीक कणांचा असतो, आणि चिकणमातीचे कण बसायला एक-दोन दिवस लागतात. काळपट काड्या आणि पानांचे तुकडे वर तरंगतात. ते सेंद्रिय पदार्थ आहेत, त्यांची मोजणी करू नये. तिन्ही थरांच्या उंचीचे एकूण उंचीशी प्रमाण काढले की मातीचा पोत कळतो. सुमारे ४० टक्के वाळू, ४० टक्के बारीक कण आणि २० टक्के चिकणमाती असेल तर तुमच्याकडे चांगली पोयटा माती, म्हणजे तिन्ही कणांचा समतोल असलेली माती, आहे आणि ती वाया घालवू नये.

बरणी नसेल तर हातानेही अंदाज येतो. ओलसर मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवून तिची पट्टी काढावी. पट्टी २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी किंवा मध्यम आहे. ५ सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता लोंबकळत राहिली तर ती भारी चिकणमाती आहे. पट्टी तयारच होत नसेल आणि बोटांना खरखर लागत असेल तर वाळूचे प्रमाण जास्त आहे.

येथे एक नेहमीचा सापळा आहे. चिकणमाती हलकी करण्यासाठी तिच्यात थोडी वाळू मिसळावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात वाळूचे प्रमाण निम्म्याच्या वर गेल्याशिवाय मातीचा स्वभाव बदलत नाही. त्याआधी चिकणमातीचे कण वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर ते मिश्रण विटेसारखे कडक होते. चिकणमाती सुधारते ती सेंद्रिय पदार्थाने, आणि तीही हळूहळू. चिकणमाती टाकाऊ समजण्याचेही कारण नाही, कारण अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता तिच्यात वाळूपेक्षा कितीतरी अधिक असते.

४. सामू, क्षार आणि शिसे: प्रयोगशाळेवर सोपवा

सामू म्हणजे मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक (pH). बहुतेक भाज्यांना ६ ते ७ हा सामू मानवतो. नमुना घेताना वाफ्यासाठी वापरायच्या मातीतून आठ-दहा ठिकाणची १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो पाठवावी. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये, कारण जस्ताचे आकडे चुकतात. अहवालात सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब (कार्बन) आणि स्फुरद-पालाश (फॉस्फरस आणि पोटॅशियम) एवढे तरी मागावे. विद्युत वाहकता हा क्षारांचा आरसा आहे, आणि तो आकडा जास्त असेल तर रोपे उगवतानाच कोमेजतात.

सामू फार कमी असल्यास शेतीचा चुना, जास्त असल्यास गंधक वापरतात, परंतु दोन्ही महिनोन्महिने काम करतात. लागवडीच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. गंधकाचे आम्लात रूपांतर मातीतील जिवाणू करतात आणि त्यांना उष्णता व ओलावा लागतो. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफस झाली तर तिच्यात मुक्त चुनखडी आहे, आणि अशा मातीचा सामू गंधकाने उतरवण्याच्या नादी लागू नये, कारण आधी ती सगळी चुनखडी संपवावी लागते. तिथे सेंद्रिय पदार्थ वाढवणे आणि चुनखडी सहन करणारी पिके निवडणे हेच शहाणपणाचे आहे. जिप्समने सामूत फारसा फरक पडत नाही. ते सोडियम जास्त असलेल्या मातीसाठी आहे, हे विक्रेते सांगत नाहीत.

जुन्या रंगवलेल्या इमारतीच्या भिंतीलगतची, वर्दळीच्या रस्त्याकडेची किंवा पूर्वी कारखाना असलेल्या जागेची माती असेल तर शिशाची चाचणी अवश्य करावी. जुन्या रंगांमध्ये आणि पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि ते मातीच्या वरच्या थरात दशकानुदशके टिकते. चौकटीच्या सामग्रीलाही हेच लागू आहे: रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड टिकवणाऱ्या डांबरी तेलात, मुरवलेले असतात आणि जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकते. खाण्याच्या भाज्यांजवळ ही दोन्ही नकोत.

५. तळ तयार करा

माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओलसर, असतानाच खणावी. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा सहज फुटला तर वाफसा आहे, बोटाचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला तर माती ओली आहे आणि थांबायला हवे. ओली माती खणली तर ढेकळे होतात आणि ती पुढे हंगामभर फुटत नाहीत.

गवत व तण कापून घेऊन तळ फोर्कने १५ ते २० सेंटिमीटर खोल सैल करावा. माती उलथवण्याची गरज नाही. दाते रोवून मागे-पुढे हलवणे पुरते. साध्या तणांवर पुठ्ठ्याचा थर हा चांगला उपाय आहे. त्यावरील चिकटपट्ट्या, स्टेपल आणि चकचकीत छपाईचे भाग काढून, कडा एकमेकांवर किमान १५ सेंटिमीटर चढवून तो अंथरावा आणि पूर्ण भिजवावा. मात्र हराळी आणि लव्हाळा यांच्यापुढे पुठ्ठ्याचा निभाव लागत नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोलवर असतात आणि त्याचे टोकदार कोंब पुठ्ठाच काय, पातळ प्लास्टिकही भेदून वर येतात. ही दोन तणे असतील तर गाठी आणि मुळ्या हाताने वेचून काढण्यात घालवलेला वेळ सार्थकी लागतो. वेचलेल्या गाठी कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत. कडक उन्हाच्या काळात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक कडा दाबून ४ ते ६ आठवडे अंथरले तर वरच्या थरातील तणांचे बी आणि काही रोगजंतू उष्णतेने मरतात, पण खोल गाठींपर्यंत ती उष्णता पोहोचत नाही.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालू नका. निचरा वाढेल अशी समजूत आहे, पण बारीक छिद्रांच्या मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरचा थर पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. परिणामी चिखलाचा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो आणि वाफ्याची उपयुक्त खोलीही कमी होते.

६. मिश्रणाचे प्रमाण

मध्यम पोताच्या मातीसाठी मी घनफळाने ६० टक्के माती, ३० टक्के पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि १० टक्के जाडसर पदार्थ, म्हणजे भाताचे तूस, परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही ज्वालामुखी खडकाचे हलके, सच्छिद्र दाणे), असे प्रमाण सुचवेन. वाळूसर मातीत जाडसर पदार्थ वगळून कंपोस्ट ३५ टक्क्यांपर्यंत न्यावे. भारी मातीत माती ५० टक्क्यांवर आणून जाडसर भाग २० टक्के करावा. आकडे अगदी काटेकोर असण्याची गरज नाही, पण माती हाच मोठा वाटा राहिला पाहिजे.

निव्वळ कंपोस्टने वाफा भरावा असा मोह होतो, कारण ते काळे, मऊ आणि सुपीक दिसते. पण कंपोस्ट कुजत राहते, त्यामुळे वाफा दरवर्षी खाली बसतो. ते एकदा कोरडे पडले की पाणी झटकते. आणि त्यातील क्षार व स्फुरद साचत जातात. स्फुरद अति झाल्यावर लोह आणि जस्त यांचे शोषण अडते आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. शेतकरी मग आणखी खत देतो आणि पिवळेपणा वाढतो.

याउलट लाकडाचा भुसा किंवा कोरडे तण न कुजवता मिसळणे हा दुसरा टोकाचा प्रकार. भुशात कर्ब-नत्राचे (कार्बन-नायट्रोजनचे) गुणोत्तर २०० ते ५०० एकास असू शकते, तर जिवाणूंना वाढीसाठी साधारण २५ ते ३० एकास हवे असते. उणे पडणारे नत्र ते मातीतून ओढतात आणि रोपे उपाशी राहतात. असे पदार्थ मातीच्या वर आच्छादन म्हणून अंथरावेत, आत मिसळू नयेत. उंच वाफ्याच्या तळाशी लाकडाचे ओंडके घालण्याची पद्धतही आहे. त्याने माती वाचते, पण वाफा असमान खचतो आणि उष्ण प्रदेशात वाळवीला आयते घर मिळते, म्हणून पहिल्या वाफ्यासाठी ती टाळावी.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पाणी चांगले धरते, परंतु त्यात मीठ असू शकते. वापरण्याआधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे आणि पूर्ण फुगवूनच मिसळावे. त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून मिश्रणात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास ठेवणे पुरेसे होते, आणि तेवढी जागा जाडसर भागातून घ्यावी.

७. खताची पारख

मिश्रणात सर्वांत जास्त फसगत याच घटकात होते, त्यामुळे घाई करू नये. तयार कंपोस्टला पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो. त्यात मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत आणि हात घातल्यावर ते गरम लागत नाही. ओलसर कंपोस्ट पिशवीत बांधून आठवडाभर ठेवावे. उघडल्यावर आंबट किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चे आहे.

ताज्या शेणखतात रोगजंतू असू शकतात. ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याच्या काढणीआधी किमान १२० दिवस, आणि इतर पिकांत ९० दिवस, कच्चे शेण मातीत गेलेले असावे, असा सेंद्रिय शेतीतील एक प्रचलित नियम आहे. व्यवस्थित तापवलेले कंपोस्ट, ज्याचा ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिला आहे आणि उलथलेला आहे, ते वापरणे अधिक सोयीचे.

एक धोका असा आहे की जो वासाने वा रंगाने कळत नाही. अमिनोपायरलिड आणि क्लोपायरलिड ही रुंद पानांच्या तणांवर मारली जाणारी तणनाशके गवतावर फवारली गेली असतील, तर ती जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टच्या ढिगातूनही टिकून बाहेर येतात. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांची कोवळी पाने मग आतल्या बाजूला वळतात आणि नेच्याच्या पानांसारखी अरुंद होतात. तपासणी घरीच होते: निम्मे खत आणि निम्मी खात्रीची माती अशा चार-पाच कुंड्यांत आणि फक्त मातीच्या तितक्याच कुंड्यांत घेवड्याचे बी पेरावे आणि दोन-तीन आठवडे पाहावे. खत घातलेल्या कुंड्यांतील दुसरी-तिसरी पाने मुरडली तर ते खत भाजीच्या वाफ्यात येऊ देऊ नये. मोठ्या खेपेसाठी ही तीन आठवड्यांची वाट पाहणे मला कधीही जास्त वाटलेले नाही.

८. भरणे

कालवण्याचे काम ताडपत्रीवर करावे, वाफ्यात नव्हे. सर्व घटक हलके ओलसर असावेत. कोरडे कंपोस्ट आणि कोकोपीट धूळ उडवतात आणि नंतर पाणी घेत नाहीत. मिश्रणाचा पहिला ५ ते ७ सेंटिमीटरचा थर सैल केलेल्या तळात फोर्कने मिसळावा, म्हणजे दोन मातींमध्ये ठळक सीमा राहणार नाही. पुठ्ठा अंथरला असेल तर ही पायरी अर्थातच सोडून द्यावी. पुढे १५ सेंटिमीटरचे थर टाकत, प्रत्येक थर झारीने सावकाश भिजवत आणि दाताळ्याने सपाट करत वर यावे. पायाने दाबू नये, फावड्याने थोपटू नये. वरची पातळी कडेपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर उंच ठेवली तर मुरल्यावर ती कडेच्या आसपास येते.

९. मुरू द्या, मग लावा

भरल्यानंतर दोन-तीन आठवडे वाफा ओलसर ठेवून मोकळा सोडावा. या काळात तणांचे बी उगवते. ते लहान असतानाच खुरप्याने वरवर खरवडून टाकावे, खोल खणू नये, नाहीतर खालचे बी वर येते. लागवडीच्या वेळी १० सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबून वाफसा पुन्हा पाहावा. रोपे लावल्यावर माती उघडी राहू नये म्हणून वाळलेली पाने किंवा पेंढा यांचे ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन घालावे, फक्त खोडाला ते टेकू देऊ नये. बी पेरलेल्या ओळींवर मात्र रोपे बोटभर उंच होईपर्यंत आच्छादन नको.

जुनी पाने फिकट पिवळी पडू लागली तर बहुधा नत्राची कमतरता आहे आणि पातळ द्रवखत देऊन ती भागते. रोप दुपारी माना टाकत असूनही माती ओली असेल, तर पाणी वाढवण्याऐवजी थांबवावे आणि वाफ्याच्या तळाचा निचरा पाहावा.

हंगाम संपल्यावर पिके उपटू नयेत; खोड जमिनीलगत कापून मुळे आतच कुजू द्यावीत, कारण त्यांच्या वाटा पुढील पिकाला हवा-पाणी पोहोचवतात. फक्त मुळांवर गाठी किंवा सड दिसत असेल तर, डाळवर्गीय पिकांच्या नत्राच्या निरुपद्रवी गाठी वगळता, ती काढून टाकावीत. वाफा खाली बसलेला दिसेल तेवढी भर घालताना त्यात कंपोस्ट २ ते ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, उरलेली भर मातीचीच असावी. दोन-तीन वर्षांनी परीक्षण पुन्हा करून घ्यावे, आणि ते त्याच प्रयोगशाळेतून व त्याच खोलीचा नमुना देऊन करावे, कारण वेगवेगळ्या प्रयोगशाळा स्फुरद वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.